कॉफीच्या झाडाचा पाणीपुरवठा

"आई, हे झाड तू सांभाळ. बाबांच्या हातात देऊ नकोस, ते त्याला नियम लावतील."

हे वाक्य माझ्या मुलीनं स्वयंपाकघरात म्हटलं आणि मी ते बाथरूममध्ये ऐकलं. आमच्या घराच्या भिंती ज्या कंत्राटदारानं बांधल्या त्याला मी आजवर पुष्कळ शिव्या दिल्या आहेत. त्या दिवशी एक जास्तीची दिली. अर्ध्या तोंडाला साबण आणि गालावर वस्तरा अशा अवस्थेत कुणाचा अपमान होऊ नये. माणसाला धड ओरडताही येत नाही.

तसाच फेसासकट बाहेर आलो. ओट्यावर एक कुंडी होती आणि तिच्यात हातभर उंचीचं, चकचकीत हिरव्या पानांचं कॉफीचं झाड. पानं एकोणीस. मोजली मी. माझी सवय आहे.

आता मुलीचं आणि माझं बोलणं का बंद होतं ते सांगतो आणि पुढे जातो, कारण ज्या गोष्टीत माझं चुकलेलं असू शकतं तिच्यावर मी फार वेळ घालवत नाही. तिला कायमची नोकरी होती. टेबल, खुर्ची, पंखा, निवृत्तीनंतर पेन्शन. ती सोडून ती कॉफी भाजणाऱ्या लोकांकडे लागली. बिया कशा भाजायच्या, कोणता वास कशाचा, कुठली कडू आणि कुठली आंबट, हे शिकायला आता चार महिने दुसऱ्या शहरात निघाली होती. मी म्हटलं होतं, "एवढं शिकवलं ते लोकांचे कप हुंगायला का?" त्यावर ती काहीच बोलली नाही. ही खोड तिला आईकडून आली आहे. त्या दिवसापासून ती माझ्याशी आईमार्फत बोलायची. मी समोर उभा असलो तरी.

"हे झाड मी सांभाळणार," मी जाहीर केलं.

"आई, त्यांना सांग, झाड मेलं तर मेलं म्हणून कळवा. तेवढं तरी सरळ सांगा."

"ऐकतायत ते," बायको म्हणाली. "फेस पुसा आधी. ओट्यावर पडतोय."

मुलगी बॅग उचलून निघून गेली. कुंडी माझ्याकडे राहिली. आणि प्रकरण साधं नव्हतं हे मला फेस पुसता पुसताच कळलं. झाड जगलं तर तिला आपला शब्द मागे घ्यावा लागणार होता. मेलं तर तो शब्द खरा ठरणार होता, आणि नुसता झाडापुरता नाही.

मी एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारींच्या टेबलावर बसतो. या एकतीस वर्षांत माझ्यासमोर हजारो माणसं येऊन उभी राहिली. पाणी येत नाही, कमी येतं, उशिरा येतं, वरच्या मजल्यावर चढत नाही. पाणी जास्त आलं म्हणून तक्रार करायला माझ्यापुढे एकही माणूस कधी आला नाही. त्यामुळे जगातल्या सगळ्या दुःखाचं मूळ पाण्याच्या टंचाईत आहे, अशी माझी पक्की समजूत होती. त्यात माझा दोष नाही. माझ्यासमोर जो पुरावा आला त्यावर मी मत बनवलं.

आमच्या कार्यालयात एक छापील तक्ता असतो. सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन रकाने, प्रत्येक रकान्यात पुरवठा केल्याची वेळ आणि जबाबदार माणसाची सही. मूळ तक्त्यात 'तक्रारदाराचे म्हणणे' असा चौथा रकानाही आहे, पण झाड काय म्हणणार, म्हणून तो मी गाळला. बाकी तक्ता जसाच्या तसा उतरवून फ्रिजवर चिकटवला. सकाळी एक पेला, मी. दुपारी मी कार्यालयात, म्हणून बायको. संध्याकाळी परत मी.

"तीन वेळा?" बायकोनं विचारलं.

"तीन रकाने आहेत."

हे उत्तर मूर्खपणाचं वाटत असेल तर तुम्ही कधी सरकारी नोकरी केलेली नाही. आमच्याकडे लोकांच्या नळाला पाणी आलं का, हे कुणी विचारत नाही. रकाना भरला का, हे विचारतात. रिकामा रकाना दिसला की वरिष्ठांचा चेहरा असा होतो की जणू त्यांच्या ताटातली वाटी कुणी उचलून नेली. तीस वर्षांपूर्वी माझा एक सहकारी एक रकाना रिकामा ठेवून रजेवर गेला होता. त्याची गोष्ट आम्ही अजून नव्या लोकांना सांगतो.

दहा-बारा दिवस सगळं सुरळीत चाललं. म्हणजे तक्ता सुरळीत चालला. तिसऱ्या आठवड्यात झाडानं माना टाकल्या. पानं अशी लोंबायला लागली की माझ्या काउंटरवरची दुपारची रांगच आठवावी. मी ओळखलं, तहान. एकाचे दोन पेले केले. पानांच्या कडा तपकिरी झाल्या. मग पिवळ्या. मग एक पान सकाळी फरशीवर सापडलं. अठरा. आठवड्याभरात चौदा.

आमच्या इमारतीत बातमीला जिना लागत नाही. तळमजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात. ते शिडी मागायला आले, कुंडीसमोर उभे राहिले आणि खिशातली छोटी बॅटरी काढून त्यांनी झाडाच्या बुंध्यावर मारली.

"मुळाशी काहीतरी आहे," ते म्हणाले. "उघडून बघू का?"

"डॉक्टर, झाड आहे ते."

"असू दे. सगळं मुळाशीच असतं. वरून काय दिसणार?"

मी त्यांना शिडी दिली आणि दार लावून घेतलं. पुढे कळलं की त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. पण हा माणूस डोकेदुखीलाही हेच सांगतो आणि गळणाऱ्या छतालाही. त्यामुळे ज्या दिवशी तो बरोबर असतो त्या दिवशी त्याचा कुणाला उपयोग होत नाही.

सगळ्यात वरच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. सगळे त्यांना बाई म्हणतात. त्यांनी जिन्यात मला अडवलं.

"झाडाशी बोलता का?"

"काय बोलू?"

"काहीही बोला. पण प्रेमानं. तुमचा आवाज वरपर्यंत येतो हो, म्हणून सांगते."

मी अपमान गिळला. घरी कुणी बघत नाही असं पाहून कुंडीसमोर स्टूल टाकून बसलो. म्हणालो, "बरं आहे ना? काही हवं आहे का?"

आतून बायको म्हणाली, "मला विचारताय?"

"नाही. झाडाला."

"हां. मग ठीक आहे. मी म्हटलं, तब्येत बरी आहे ना तुमची."

तिसरा सल्ला आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा. त्यांना सगळे पाठीमागे 'ठराव' म्हणतात. ठरावसाहेब आले, चष्मा कपाळावर चढवून झाड पाहिलं आणि म्हणाले, "उजेड नाही. तुमच्या घरात उजेड कुठे आहे? आपल्या जिन्याच्या वळणावर मोठी खिडकी आहे. तिथे ठेवा, आठ दिवसांत टवटवीत."

मला हे पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुंडी जिन्याच्या खिडकीत नेऊन ठेवली. संध्याकाळी ती माझ्या दारात होती आणि तिच्यात एक चिठ्ठी खोचलेली होती. सामाईक जागेत खासगी वस्तू ठेवण्यास मनाई आहे. सही, सेक्रेटरी.

मी वर गेलो. "तुम्हीच तर म्हणालात."

"मी शेजारी म्हणून म्हणालो," ठरावसाहेब म्हणाले. "चिठ्ठी सेक्रेटरी म्हणून लिहिली. दोन्ही माणसं वेगळी आहेत. अर्ज करा."

मी अर्ज केला. असा अर्ज या इमारतीत कधी लिहिला गेला नसेल. विषय, संदर्भ, झाडाची उंची, पानांची त्या दिवशीची संख्या, कुंडीचा घेर. आठव्या दिवशी उत्तर आलं. "आपला अर्ज प्राप्त झाला असून तो योग्य त्या कार्यवाहीस्तव संबंधितांकडे वर्ग करण्यात आला आहे."

हे वाक्य मी लगेच ओळखलं. ते माझं आहे. चार वर्षांपूर्वी ठरावसाहेबांच्या नळाला करंगळीएवढी धार येत होती, त्या तक्रारीला मी हेच उत्तर दिलं होतं. तो कागद त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवला होता, आणि आता स्वल्पविरामासकट नकलून मला पाठवला होता.

मी पुन्हा वर गेलो. "हे संबंधित कोण?"

"ते तुम्ही मला चार वर्षांत सांगितलं नाहीत. मी तुम्हाला आठ दिवसांत का सांगू?"

माणसानं आपलंच हत्यार दुसऱ्याच्या हातात इतकं धारदार पाहू नये.

शेवटी बाई मध्ये पडल्या. सभा भरली आणि सगळ्यांनी आपापल्या घरातल्या मेलेल्या झाडांच्या हकिकती सांगितल्या. ठराव झाला की कुंडी ठेवायला हरकत नाही, मात्र जिन्यावर पाण्याचा एक थेंब पडता कामा नये. मी बांधकामवाल्यांचं असतं तसलं प्लॅस्टिकचं खोल घमेलं आणलं आणि कुंडी त्यात उभी केली. जिन्यावर एक थेंब पडला नाही. सगळं पाणी घमेल्यात साठत गेलं आणि झाड त्यात चोवीस तास पाय सोडून उभं राहिलं. आणि त्या खिडकीतून दुपारी जे ऊन यायचं त्यात आम्ही पापड वाळवले असते. पानं नऊ.

अकराव्या दिवशी घमेलं काठोकाठ भरलं. ते मी सकाळी उचलून खाली नेत होतो आणि खालून ठरावसाहेब येत होते. मी म्हटलं, "आधी तुम्ही या." ते म्हणाले, "नाही, आधी तुम्ही जा." मी निघालो तेव्हाच तेही निघाले. अर्धं घमेलं पायऱ्यांवर सांडलं आणि ठरावसाहेब चौथ्या पायरीवर बसले. पडले असं मी म्हणणार नाही, कारण त्यांनी स्वतः तक्रारीत 'पाण्यात बसावे लागले' असंच लिहिलं आहे.

परवानगी रद्द झाली. झाड परत घरात. पानं चार.

मुलीचा फोन दर रविवारी संध्याकाळी येई. आईला. मी पेपर तोंडापुढे धरून ऐकत असे. "झाड कसं आहे?" ती विचारायची. "आहे," बायको म्हणायची. बायको खोटं बोलत नाही, तो तिचा मोठा दोष आहे. त्या रविवारी मुलगी म्हणाली, "फोटो पाठव ना."

मी पेपर खाली केला. "चारही पानं एका बाजूला आहेत," मी हळूच म्हणालो. "त्या बाजूनं काढलास तर भरगच्च दिसेल."

"फोटो मी काढते," बायको म्हणाली. "पाठवायचा की नाही ते तुम्ही ठरवा."

तिनं समोरून काढला. मी तो बघितला. एक काठी आणि चार चिंध्या. मी पाठवला नाही. दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज टाकला, कारण लिहिलं, घरातील आजारपण. साहेबांनी विचारलं, "कोण आजारी आहे?" मी म्हणालो, "मुलीचं आहे." साहेबांचा चेहरा एकदम उतरला आणि त्यांनी दोन दिवसांची रजा दिली. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. खरं सांगायचं तर तो गैरसमज आहे की नाही, हेच मला त्या वेळी नक्की सांगता आलं नसतं.

शहराच्या टोकाला एक रोपवाटिका आहे. कुंडी मांडीवर घेऊन मी बसनं गेलो, बगलेत तक्त्यांची फाईल. कंडक्टर म्हणाला, "काका, हे टाकायला नेताय का? पुढच्या स्टॉपला कचराकुंडी आहे." मी खिडकीबाहेर बघत राहिलो. डोळ्यांत धूळ गेली होती.

रोपवाटिकेतली बाई पन्नाशीची, हाताला कोपरापर्यंत माती. तिनं माझं बोलणं ऐकूनच घेतलं नाही. कुंडी उलटी केली, मुठीनं दोन ठोसे मारले, झाड मुळांसकट बाहेर काढलं आणि वास घेतला. तो वास मलाही आला. गटाराचा.

"पाणी किती घालता, भाऊ?"

इथे मी माझ्या ताकदीवर आलो. फाईल उघडली. अकरा आठवड्यांचे तक्ते, एकही रकाना रिकामा नाही, प्रत्येक सही जागच्या जागी. तिनं ओल्या बोटानं पानं उलटली. दोन मिनिटं नीट वाचलं. मला वाटलं, आता ही कौतुक करणार.

"भाऊ," ती म्हणाली, "एवढं पाणी मासासुद्धा मागत नाही."

"पण पानं सुकल्यासारखी लोंबत होती. तहान..."

"बुडणारा माणूसही हात हलवतो. त्याला पाणी पाजता का?"

तिनं काळी पडलेली मुळं कात्रीनं कापून टाकली. उरलं ते मूठभर. दुसऱ्या कोरड्या मातीत झाड बसवलं आणि माझं बोट धरून दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसलं, लहान मुलाला गिरवायला शिकवतात तसं. "ओल लागली तर घालायचं नाही. कोरडं लागलं तरच घालायचं. खिडकीजवळ ठेवा, पण पडद्याआड. आणि ही फाईल घरी गेल्यावर फाडा."

फाईल मी फाडली नाही. एकतीस वर्षांत मी कागद फाडलेला नाही. पण घरी आल्यावर बायकोला विचारलं, "दुपारच्या सगळ्या सह्या तुझ्या आहेत. तुला माती ओली दिसत नव्हती?"

"दिसत होती."

"जास्त होतंय हे कळत होतं?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

ती भाजी निवडत होती. तिनं वर बघितलं नाही. "कुठे बोलायचं? तक्त्यात रकाना कुठे होता? मी पहिल्या दिवशी विचारलं होतं, तीन वेळा का म्हणून. तुम्ही म्हणालात, तीन रकाने आहेत."

मी जाऊन पलंगावर बसलो. मला राग आला होता, पण तो कुणावर काढायचा हे कळेना. एरवी मला असली अडचण पडत नाही.

स्वयंपाकघराच्या खिडकीशी, पडद्याआड, सहा वर्षांच्या जुन्या वर्तमानपत्रांचे माझे गठ्ठे होते. बायकोनं पहिल्या दिवशीच झाडासाठी ती जागा सुचवली होती, असं तिनं आता सांगितलं. मी गठ्ठे हलवले. मग नवा तक्ता केला. तीन रकाने ठेवले, कारण माझा हात दोन आखायला तयार होईना. पण आमच्या कार्यालयात एक फार सुंदर शब्द आहे, निरंक. जिथे कळवायला काही नसतं तिथे तो लिहितात. रिकामा रकानाही राहत नाही आणि कामही करावं लागत नाही. मी सकाळी मातीत बोट खुपसायचो, ओल लागायची आणि लिहायचो, निरंक. सही. दुपारी बायको, निरंक. संध्याकाळी निरंक. त्या आठवड्यात एकूण अर्धा पेला पाणी गेलं आणि एकवीस सह्या झाल्या.

आणि गाळलेला चौथा रकाना मी परत आखला. म्हणणे. बायको त्यात लिहायला लागली, अगदी बारीक अक्षरात. "एक पान गळलं, पण शेंडा हिरवा आहे." "तुमच्या बोटाची नखं काढा." "आज तिचा फोन आला, तुम्ही पेपर उलटा धरला होता."

पाचव्या आठवड्यात शेंड्याला दोन पानं फुटली. कॉफीला पानं जोडीनंच येतात, समोरासमोर. तीन जुनी, दोन नवी. पाच.

त्याच दिवसांत मी ठरावसाहेबांचा चार वर्षांपूर्वीचा अर्ज शोधून काढला. पाहिलं तर तो ज्या संबंधितांकडे वर्ग केला होता तो संबंधित मीच होतो. माझ्याच कपाटात, खालून दुसऱ्या कप्प्यात. मी फिटर पाठवला, नळ साफ करून घेतला. तिसऱ्या दिवशी ठरावसाहेबांचा लेखी कागद आला. पाणी आता फार जोरात येते, बादली उडते, योग्य ती कार्यवाही व्हावी. एकतीस वर्षांत माझ्या टेबलावर आलेली जास्त पाण्याची ही पहिली तक्रार. ती मी दोनदा वाचली. मग मी स्वतः वर गेलो आणि त्यांना नळ अर्धा कसा उघडायचा ते दाखवलं.

मुलगी शनिवारी दुपारी आली. बॅग ठेवली आणि माझ्या समोरून सरळ खिडकीपाशी गेली. मी दारातच उभा राहिलो. तिनं पडदा बाजूला केला. पानं मोजली असणार, माझीच मुलगी आहे.

"एकोणीस होती," ती आईला म्हणाली.

"होती," बायको म्हणाली.

मला खूप काही बोलायचं होतं. सभा, घमेलं, बस, कंडक्टर. माझ्याजवळ सगळ्याचे कागद होते. मी म्हणालो, "मी बुडवलं होतं. नंतर वाचलं."

ती फ्रिजसमोर जाऊन तक्ते वाचायला लागली. जुने सगळे खाली टाचलेले होते. चार महिन्यांचे तिनं उभ्या उभ्या वाचले. मध्ये एकदा तिला हसू आलं, पेपर उलटा धरला होता तिथे असणार. मग तिनं फ्रिजवरचं पेन घेतलं, त्या दिवसाच्या ओळीवर चौथ्या रकान्यात काहीतरी लिहिलं आणि कॉफीची पुडी घेऊन ओट्याकडे वळली.

मी चष्मा लावून वाचलं. "पाणी विचारून घालावे. उजेड असू द्यावा. नोकरीबद्दल पुन्हा विचारू नये." आणि खाली सही. लहान मुलासारखी, पूर्ण नाव.

माझ्या खिशात लाल पेन असतं. ते बाहेर आलं. असल्या मजकुराखाली काय लिहायचं हे माझ्या हाताला पाठ आहे. पण वर्ग करायचं तर कुणाकडे? वर कुणी नव्हतं. खालीही कुणी नव्हतं. संबंधित मीच होतो.

मी लिहिलं, मान्य. सही केली.

मुलीनं मागून डोकावून बघितलं. कप माझ्या हातात दिला. "बाबा," ती म्हणाली, "तारीख राहिली."